धूर, धूप, ऊद, अत्तर: हे शब्द आले कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दांचं वेड आहे असं एकदा लोकांना कळलं की सणासुदीला हमखास कोणीतरी विचारतंच, अरे ऊद म्हणजे नक्की काय रे, अगरबत्ती मराठी आहे का, वगैरे. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. क्रम काही खास नाही, जसे आठवले तसे.

धूर, धूम, धूप, धुरी हे सगळे एकाच घरातले का?

बरेचसे, हो. संस्कृतात धूम म्हणजे धूर आणि धूप म्हणजे वासासाठी मुद्दाम जाळायची वस्तू किंवा तिचा धूर. धुरी, धुरकट, धुमसणं, धुराडं, धुपाटणं हे सगळं त्याच गोतावळ्यातलं. पहाटे डोंगरावर धुई पडते ती पण संस्कृत धूमिकेकडे जाते.

आणि हा गोतावळा फक्त आपल्याकडे नाही. लॅटिनमध्ये धुराला फ्यूमस, रशियनमध्ये दिम, लिथुआनियनमध्ये दूमाय, सगळे एकाच मुळातून आलेले. ग्रीकमध्ये तोच शब्द थूमोस झाला आणि त्याचा अर्थ झाला मनातली उसळी, राग! आपण नाही का म्हणत, त्याच्या कानातून धूर निघायचा बाकी होता म्हणून, तसंच काहीसं. हिंदीतली धूप म्हणजे ऊन, तिचा आणि पूजेतल्या धुपाचा घोळ मात्र घालू नका.

म्हणजे परफ्यूम आणि धूर यांचं काही नातं आहे?

सख्खं नातं आहे. वर लॅटिन फ्यूमस म्हटलं ना, त्याच्या आधी "पर" म्हणजे आरपार हे लागलं आणि इटालियन-फ्रेंचमधून फिरत परफ्यूम झालं, मूळ अर्थ काय तर धुराने भरून टाकणं, आरपार धुरी देणं. बाटलीतला फवारा फार नंतरचा. त्यामुळे मॉलमध्ये हजारो रुपयांचं परफ्यूम घेणारा आणि देवघरात धूप घालणारी आजी, दोघंही शब्दाच्या हिशोबाने एकच काम करतायत.

उदबत्ती बरोबर की अगरबत्ती?

दोन्ही बरोबर, आणि गंमत म्हणजे मुळात दोन्ही एकच! अगर म्हणजे संस्कृत अगुरु किंवा अगरु, आसाम आणि त्याच्या पूर्वेकडच्या जंगलातलं झाड, त्याला बुरशी लागली की खोडात काळं राळेसारखं सुगंधी लाकूड तयार होतं. संस्कृतात अ-गुरु म्हणजे जड नसलेलं असा अर्थ काढतात पण तो ओढूनताणून आहे कारण उत्तम अगर पाण्यात चक्क बुडतं. पोर्तुगीजांनी हेच नाव आगिला असं उचललं, मग युरोपात कोणाला तरी वाटलं हे गरुडाचं लॅटिन नाव आक्विला, आणि इंग्रजीत त्या लाकडाचं नाव पडलं ईगलवुड. झाडाचा आणि गरुडाचा काडीचा संबंध नाही.

अरबांनी याच लाकडाला ऊद म्हटलं. अरबीत ऊद म्हणजे साधं लाकूड, काठी. त्यांच्या तंतुवाद्याचं नाव पण ऊदच आणि तेच वाद्य अल-ऊद म्हणून युरोपात गेलं आणि ल्यूट झालं. आपल्याकडे मात्र शब्द आला आणि माल बदलला, मराठी घरात ऊद घालणं म्हणजे अगरचं लाकूड जाळणं नव्हे, ती पांढुरकी-तांबूस खड्यांसारखी राळ, म्हणजे लोबानाचाच प्रकार. बत्ती ही संस्कृत वर्तिकेवरून, वात शब्दाची बहीण.

आता खरं सांगायचं तर दुकानातल्या बहुतेक उदबत्त्यांमध्ये ऊदही नसतो आणि अगरही नसतं. बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट नावाची झाडाच्या सालीची पूड आणि वरून सेंट. नाव तेवढं राहिलंय.

लोबान हा शब्द कुठला? आणि तो पेट्रोलमध्ये आहे हे खरं का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. लोबान अरबी लुबान वरून, आणि त्या मुळाचा अर्थ पांढरं. अरबीत दुधाला लबन म्हणतात ते तिथलंच, लेबनॉन देशाचं नाव पण त्याच मुळावरून, डोंगरावरच्या बर्फामुळे.

खरा लुबान ओमान-येमेनकडच्या झाडाचा चीक. पुढे सुमात्रा बेटावरून तसाच एक सुगंधी चीक यायला लागला. अरब लोक सुमात्रालाही जावाच म्हणायचे म्हणून याचं नाव लुबान जावी, जावाचा लोबान. ते युरोपातल्या बंदरात पोचल्यावर तिथल्या लोकांना सुरुवातीचं "लु" हे आपल्या भाषेतलं उपपद (इंग्रजीतल्या "द" सारखं) वाटलं, त्यांनी ते गाळलं आणि उरलं बेंजुई, त्याचं बेंझोइन. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात या बेंजुईची चर्चा केलीय. बेंझोइनमधून जे आम्ल निघालं ते बेंझोइक अ‍ॅसिड (लोणच्या-सरबतांच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं बघा, ते त्याचंच), आणि 1833 च्या सुमारास मिचेरलिख नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या आम्लापासून एक द्रव काढला त्याला नाव दिलं बेंझिन. तो पदार्थ त्याच्या आधी 1825 मध्ये फॅरेडेला सापडला होता पण नाव टिकलं ते हे. तर पेट्रोलमध्ये जे बेंझिन असतं त्याच्या नावात दर्ग्यातला लोबान आहे, पदार्थ म्हणून नाही, नाव म्हणून.

आणि गुग्गुळ?

तो आपला इथलाच. अथर्ववेदात गुल्गुलु, गुग्गुलु अशा रूपात येतो. राजस्थान-गुजरातकडचं काटेरी झुडूप, चीक काढायच्या नादात इतकं तोडलं गेलं की आता ते अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. सातपुड्यात मिळणारी सालई वेगळी, ती खऱ्या लुबानाच्या झाडाची बहीण, तिचा चीकही धूप म्हणून जाळतात.

धूम्रपान बरोबर की धूमपान?

काटेकोर बघितलं तर धूमपान. धूम म्हणजे धूर आणि धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचा, काळपट-तांबडा. म्हणजे "धूम्रपान निषिद्ध" चा शब्दशः अर्थ करपट रंग पिऊ नका असा होतो. पण आता एसटीत, ऑफिसात, सगळीकडे धूम्रपानच लिहितात आणि सगळ्यांना कळतं, त्यामुळे कोणाचा बोर्ड सुधारायला जाऊ नका.

मजा अशी की चरकसंहितेत धूमपान हा उपचार आहे. औषधी वनस्पतींची वात करून तिचा धूर ओढायचा, आणि त्यासाठी दिवसातल्या आठ वेळा पण सांगितल्यात, आंघोळीनंतर, जेवणानंतर, शिंकल्यानंतर, दात घासल्यावर अशा. तंबाखू तेव्हा भारतात नव्हतीच, त्यामुळे "चरकाने सिगारेट सांगितलीय" असं कोणी म्हणालं तर सरळ दुर्लक्ष करा.

गणपतीच्या संकटनाशन स्तोत्रातलं धूम्रवर्ण हे मात्र अगदी बरोबर, धुराच्या वर्णाचा. धूमकेतू म्हणजे धूर हाच ज्याचा झेंडा, आधी हे अग्नीचं विशेषण होतं, नंतर आकाशातल्या शेंडेनक्षत्राला चिकटलं.

"तेलही गेलं तूपही गेलं हाती धुपाटणं आलं" यातलं धुपाटणं नक्की काय?

धूप जाळायचं भांडं. जुनं धुपाटणं डमरूसारखं, दोन्ही बाजूंना वाटी, मध्ये बारीक. हे डोळ्यासमोर आलं नाही तर म्हण कळतच नाही. गोष्ट अशी की एका बावळटाला तेल आणि तूप आणायला पाठवलं, भांडं म्हणून याने नेलं धुपाटणं. एका वाटीत तेल घेतलं, मग तुपासाठी धुपाटणं उलटं केलं, तेल सांडलं. घरी आल्यावर तेल कुठंय विचारलं तर दाखवायला परत उलटं केलं, तूपही गेलं.

पंढरपूरला संध्याकाळी होते ती धूपारती, शिर्डीलाही तीच. साधूची धुनी हीसुद्धा धूपन म्हणजे धुरी देणं याच्याशी जोडतात.

बाळाला धुरी देतात ती काय? आणि द्यावी का?

धुरी म्हणजे मुद्दाम दिलेला धूर. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीत निखारे, त्यावर चिमूटभर ओवा, बाळंतशोपा, वेखंड, लसणाची सालं, थोडा ऊद. शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर लंगोट-दुपटी पसरायची, म्हणजे पावसाळ्यात कपडे वाळतात पण आणि तो वास पण बसतो. तो वास ज्याने घेतलाय त्याला आयुष्यभर ओळखू येतो. पण बाळाचे डॉक्टर आता स्पष्ट नाही म्हणतात, बंद खोलीत धूर नवजात फुप्फुसांना त्रासदायकच, आणि माझंही मत तेच, शब्द जपा, धूर राहू दे.

धुरीला एक वाईट बाजू पण आहे, पूर्वी सारावसुलीत किंवा कबुलीसाठी मिरच्यांची धुरी द्यायचे, म्हणजे छळ.

फोडणीत मिरची जळली की जे होतं त्याला काय म्हणायचं?

खाट. मिरचीची खाट उठली, खाट बसली. नाकाला झोंबते ती खाट आणि त्यामुळे येतो तो ठसका, आणि कोरडी पूड उडून नाकात गेली तर तो खकाणा. एवढे बारीक फरक असताना लोक "स्मोकी स्मेल" का म्हणतात मला कळत नाही. दृष्ट काढताना मीठ-मोहरी-मिरच्या निखाऱ्यावर टाकतात आणि ठसका लागला नाही तर म्हणतात "बघ, किती लागली होती!" ठसका लागला तर अर्थातच दृष्ट नव्हती. फोडणी हा शब्द फोडण्यावरून, मोहरी फुटते म्हणून.

"आरोपांची राळ उडवणं" म्हणजे कोणती राळ?

तीच, झाडाची. राळ म्हणजे साल वृक्षाचा वाळलेला चीक, तिची पूड पेटत्या मशालीवर फेकली की भप्पकन मोठा जाळ उठतो आणि क्षणात विझतो. लोकनाट्यात, सोंगं नाचवताना, राक्षस किंवा देव प्रगट व्हायच्या वेळी अशी राळ उडवतात. आता पेपरात राजकारणी एकमेकांवर उडवतात. जाळ मोठा आणि टिकणार शून्य, वाक्प्रचार तंतोतंत बसतो.

वास हा शब्द चांगला की वाईट?

ते क्रियापदावर ठरतं. वास सुटलाय म्हटलं की बहुतेक वेळा चांगला, वास मारतोय म्हटलं की वाईट, वास येतोय म्हटलं की सावध व्हा. संस्कृतात वास म्हणजे सुगंध आणि दुसरा एक वास म्हणजे राहणं, दोघांची मुळं वेगळी. इथेच लोक चुकतात. सुवासिनी म्हणजे छान वास येणारी नव्हे, तिच्यातला वास राहण्याचा आहे, घरात राहणारी. सहवासही राहण्याचाच.

बासमती मात्र वासाचीच, वासमती म्हणजे सुगंध असलेली. आपला आंबेमोहोर तर सरळच, आंब्याच्या मोहोराचा वास.

आणि वासना? तिथे दोन्ही अर्थ लावतात. बौद्ध तत्त्वज्ञानात, विशेषतः योगाचार परंपरेत, वासना म्हणजे मनावर बसलेला वास असं समजावतात, तिळात फुलं ठेवली की फुलं काढल्यावरही तेलाला वास राहतो तसा. आपण त्या शब्दाचं जे करून ठेवलंय ते फारच उथळ आहे.

बाकी वाईट वासांसाठी मराठी फार श्रीमंत आहे: खोबरं खवट, ओलं फडकं कुबट, बंद खोली कोंदट, दूध लागलं की करपट, ताक जुनं झालं की आंबूस. इंग्रजी शब्द शोधत बसायची काहीच गरज नाही.

परिमळ, सुगंध, दरवळ यात फरक आहे का?

आता आपण एकाच अर्थाने वापरतो पण अमरकोशात फरक दिलाय. परिमल म्हणजे "विमर्दोत्थ", चोळल्यावर, घासल्यावर उठणारा मनोहर गंध. सहाणेवर चंदन उगाळताना येतो तो परिमल. आणि आमोद म्हणजे लांबवर पसरणारा. म्हणजे चुरगळलेल्या तुळशीचा परिमळ आणि रात्री गल्लीच्या टोकापर्यंत येणाऱ्या रातराणीचा आमोद. दरवळ आणि घमघमाट हे अस्सल बोलीतले, त्यांना कोशाची गरज नाही. खमंग फक्त भाजलेल्या-तळलेल्याला लावतात, मोगरा खमंग नसतो.

गंध म्हणजे वास की कपाळावरचं?

दोन्ही. उगाळलेलं चंदन देवाला लावायचं तो गंधाचा उपचार, तिथून कपाळावरच्या रेषेला गंध म्हणायला लागले. "त्याला गणिताचा गंध नाही", "गंधवार्ता नाही" यात गंध म्हणजे पुसटशी चाहूल. गंधक म्हणजे वासवाला (वास कसा ते सगळ्यांना माहितीय), आणि गांधी हे आडनाव गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यं, किराणा विकणारा यावरून.

अत्तर फारसी की अरबी?

अरबी इत्र वरून. तो विकणारा तो अत्तार, आपल्याकडे आडनाव म्हणून गावोगाव आहे.

पण याहून मजेशीर गुलाब आहे. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी, म्हणजे गुलाब हे मुळात गुलाबपाणी! आपण पाण्याचं नाव फुलाला दिलं आणि मग पाण्याला गुलाबपाणी म्हटलं, दोनदा पाणी. आणि हाच गुलाब अरबीत गेला, तिथे "ग" नसल्याने जुलाब झाला, अर्थ गोड औषधी सरबत. युरोपात त्याचं ज्यूलेप झालं आणि आपल्याकडे पोट साफ करायच्या औषधाला जुलाब. लग्नात गुलाबदाणी फिरवताना हे कोणाला सांगू नका.

उरुसातलं संदल म्हणजे चंदन का?

तेच. चंदन शब्द इथून फारसी-अरबीत गेला तिथे संदल झाला, आणि मग सूफी परंपरेबरोबर परत महाराष्ट्रात आला. उरुसाच्या आदल्या रात्री मजारीवर लावायला उगाळलेल्या चंदनाची मिरवणूक निघते तिलाच आता संदल म्हणतात. कितीतरी गावांत मिरवणुकीचा मान हिंदू घराकडे असतो. इंग्रजी सँडलवुडही तिथूनच, पायातल्या सँडलचा संबंध नाही.

कापराचंही असंच, संस्कृत कर्पूर, मलय कापुर, अरबी काफूर, इंग्रजी कॅम्फर. सुमात्राच्या बारूस बंदरातून तो जगभर जायचा. आपल्या देवघरातला माल असा निम्मा जहाजातून उतरलेला आहे, आणि शब्द मालाबरोबर आले. यात अस्मिता दुखावून घेण्यासारखं काही नाही.

कस्तुरी, अंबर वगैरे?

इंग्रजीतला मस्क हा फारसी मुश्क वरून आणि तो संस्कृत मुष्क वरून, मुष्क म्हणजे वृषण. कस्तुरीमृगाच्या पिशवीच्या आकारावरून पडलेलं नाव. महागड्या बाटलीवर "व्हाइट मस्क" वाचताना आठवा.

अंबर म्हणजे अरबी अंबर, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बातम्यांत "व्हेल माशाची उलटी जप्त" असं येतं ते हेच. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची विक्री गुन्हा आहे, किनाऱ्यावर सापडलं तर वनखात्याला कळवा. आकाश या अर्थाचं संस्कृत अंबर वेगळं.

विडी आणि विडा एकच?

हो, दोन्ही संस्कृत वीटिकेवरून, पानाची गुंडाळी. एकात सुपारी, दुसऱ्यात तंबाखू. तंबाखू शब्द कॅरिबियन बेटांवरून स्पॅनिश-पोर्तुगीजांमार्फत आला. अकबराच्या दरबारात ती नेली त्याच्या असद बेग या दूताने, आणि नेली कुठून तर विजापूरहून, म्हणजे दख्खनला चटक आधी लागली होती! चिरूट तमिळ सुरुट्टु म्हणजे गुंडाळी, इंग्रजांच्या तोंडून मराठीत. गुडगुडी तिच्या आवाजावरून. आणि तपकिरी रंग चक्क तपकिरीवरून, नाकात ओढायच्या. पोरांना रंग शिकवताना आपण हे सांगत नाही.

पहिल्या पावसाच्या वासाला पेट्रिकोर म्हणायचं की मृद्गंध?

मातीचा वास म्हणा, पुरे आहे. पेट्रिकोर हा शब्द 1964 मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी बनवला, ग्रीक पेट्रा म्हणजे दगड आणि इकोर म्हणजे देवांच्या अंगातलं रक्त. पण त्यांच्याच लेखात कनौजच्या मिट्टी अत्तराचा उल्लेख आहे, म्हणजे भाजलेल्या मातीतून तो वास चंदनतेलात उतरवायचं काम आपले अत्तरवाले आधीपासून करत होते.

आपल्या न्यायशास्त्रात पृथ्वीची व्याख्याच "गंधवती" अशी आहे. मग कोणी शंका काढली की दगड पण पृथ्वीच, त्याला कुठे वास येतो? उत्तर दिलं, दगडाच्या भस्माला येतो ना, म्हणजे दगडात आहेच.

स्मॉगला मराठीत काय?

धुरकं. धूर आणि धुकं मिळून. इंग्रजी शब्दही असाच जोडून केलेला, 1905 मध्ये लंडनच्या डॉ. दे व्हो यांनी तो मांडला. धुरकं शब्द छान आहे, पेपरवाल्यांनी वापरायला हवा.

"सोन्याचा धूर निघत होता" म्हणजे नक्की काय जाळत होते?

काहीच नाही हो. अतिशयोक्ती.

"धुवांधार बॅटिंग" मध्ये धूर आहे का? आणि "धूम ठोकली" मध्ये?

पहिल्यात आहे, हिंदी धुआँ म्हणजे धूमच, जबलपूरजवळ भेडाघाटचा धबधबा इतके तुषार उडवतो की त्याला धुआँधार म्हणतात. दुसऱ्यात नाही, ती धूम आवाजाची, धूमधडाक्यातली. पळणाऱ्याच्या मागे उडते ती धूळ.